नमुन्याला नेलेला दाढेचा तुकडा

सकाळी साडेसातला कांद्याच्या गोणीची सुतळी दातानं तोडली आणि दाढेचा तुकडाच हातात आला. आता दाढ उपटणार म्हणून मी रडायलाच लागले. आमचे हे म्हणाले, “तुकडा संगं घे. मोटारीचा पार्ट आणताना जुना नेतोच की!”

कडेवर लेक, मुठीत तुकडा, अशी नारायणगावला दातांच्या दवाखान्यात गेले.

तुकडा पुढं करून ह्यांचं म्हणणं सांगितलं, तशा डॉक्टरबाई हसल्या. “मालकांना सांग, माप आम्ही तोंडातूनच घेतो. नवा तुकडा बनवून चिकटवू. उपटायची गरज नाही.”

आठवड्यानं नवा तुकडा बसला. सासूबाईंनी बॅटरी मारून पाहिलं. “माज्या चार उपटल्या, तवा ही बाई कुठं व्हती गं?”

बायांनो, दाढ तुटली तर उपटण्याआधी ती वाचेल का, हे डॉक्टरांना एकदा विचारा. शेजारणीलाही सांगा.