ह्यांची गाडी लिनक्सवर

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मानेला पट्टा लावून बसलेल्या शिक्षिकेला मागे वळता येत नव्हतं, पण मागच्या बाकावरचे दीर-भावजय तिला स्वच्छ ऐकू येत होते.

"वहिनी, खरंच दादाच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलंत?"

"टाकलं. जुनी सिस्टीम कंपनीनं बंद केली, आणि त्यांची नवी त्या मशीनवर चालणार नाही म्हणे. लिनक्स फुकट मिळतं, जुन्या मशीनवरही चालतं. मग काय, धडधाकट कॉम्प्युटर भंगारात घालू?"

"मी नवा घेऊन देतो ना!"

"नको, भावजी. आहे तो चालतोय."

"आणि त्याचा रेसिंगचा गेम?"

"तोही चालतो. गेमचं ते टेबलावरचं स्टिअरिंग तेवढं अडून बसलं होतं. दोनदा सगळं पुसलं, पुन्हा टाकलं."

"कुणी शिकवलं तुम्हाला?"

"इंटरनेटवर विचारत गेले. कोण कुठली माणसं, पण घरच्यासारखं समजावून सांगतात."

"उद्या बिघडलं म्हणजे?"

"मीच बिघडवीन, मीच निस्तरीन. ह्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा सगळे म्हणाले, उजवा हात गेला समजा. तेव्हा तरी मी कुठे ऐकलं?"

आतलं दार उघडलं. काठीचा आवाज हळूहळू जवळ आला.

"काल... शेवटचं वळण... उजव्या हातानं घेतलं," दादाचा जड आवाज म्हणाला.



"वहिनी, माझ्याही कॉम्प्युटरवर टाकाल?"

"टाकीन की. आधी तुमचे फोटो दुसरीकडे काढून ठेवा."

"आणि... हरायची... तयारी ठेव," दादा म्हणाला.