बंकटची लोकं

...आन् वरून तो बंकट मलाच म्हणतो, "माणिकतात्या, लोकांचं मनावर घेऊ नका!" आता बोला! मनावर घ्यायला लावलं कोणी?

तुमाला सांगतो, औंदाच्या दुष्काळात आमच्या दूध सोसायटीनं नांदूरघाटच्या रस्त्याला चारा छावणी उघडली, तिथं मी मपली म्हैस घेऊन गेलतो. बायको लेकीच्या बाळंतपणाला, मंग काय, म्हैस आन् मी, दोघंच! नशीब बगा, अख्ख्या माळावर एकच लिंब, आन् त्याच्याच सावलीत जागा मिळाली. शेजारी भर उन्हात हा बंकट आन् त्याचे दोन बैल.

पहिल्याच दिवशी भाकरी थापायला बसलो, तर आला की कानापाशी! "तात्या, राग नका धरू, पण लोक म्हणायलेत, बाप्या असून भाकरी थापतो." झालं! तीन आठवडे मुरमुऱ्यावर काढले! मंग म्हणला, "लोक म्हणायलेत, तात्या म्हशीसंगं बोलतो, डोकं फिरलंय." बोलणं टाकलं. तर ती बया रुसली हो! पाच लिटरची दोनावर आली! तेवढ्यात पुन्हा, "लोक म्हणायलेत, तात्यानं एकट्यानंच सावली दाबली..." आता काय करता? शरमेनं म्हैस सोडली आन् पार पलीकडं, उन्हात नेऊन बांधली.

दुसऱ्या दिवशी बगतो तर लिंबाखाली बंकटचे बैल! म्हणलं, "कावून बे?" तर कसा म्हणतो, "जागा रिकामी ठेवली तर लोक काय म्हणतील, तात्या?"

मंग मात्र पेटलो! कोण लोक? गेलो दावणीदावणीला. केशरबाईला इचारलं, "माझ्याबद्दल काय म्हणायलाव?" ती म्हणली, "तुमी कोण? आजच आलाव का?" अडीच महिने झाले हो! बद्रीनाथला इचारलं, तर तो म्हणतो, "टँकर आलता का?" एकालाबी माझा पत्ता न्हाई! लोक म्हणायलेत, लोक म्हणायलेत... लोक म्हणजे हा एकटा बंकट! सख्ख्या भावावानी धरलं होतं ह्याला... लई लागलं बगा जिवाला.

सावली गेली ती गेलीच. पण आता भाकरी थापतो, म्हशीसंगं मोठ्यानं बोलतो, कुणाच्या बापाला भीत न्हाई. कुणी बगतबी न्हाई म्हणा... खरं सांगू? दिवस कलला की पाय आपसूक बंकटकडंच वळतात. टेकतो त्याच्यापाशी आन् इचारतो, "काय बे, आज काय म्हणायलेत लोक?"

काय करता! एवढ्या मोठ्या छावणीत माझ्याबद्दल काही म्हणणारा तेवढाच एक माणूस हाय!