एक्केचाळीस सुनांचं माहेर

शोभाताई : ऊठ वं आता. सेतू केंद्रातला नंबर साडेतीनचा आहे. तुहे सासरे खाली गाडी काढून उभे आहेत.

मयुरा : आई, दहा मिनिटं. हे चारच्या आत पाठवलं नाही, तर काम जाईल माझं.

शोभाताई : काल तर झालं म्हणत होती.

मयुरा : झालं होतं, जर्मनीहून परत आलं. तिकडचं आठशे वर्षांपूर्वीचं सरदार घराणं आहे, फाल्केनरोडे. त्यांची वंशावळ कॉम्प्युटरवर भरायची होती. मी एक्केचाळीस सुनांना सासरचं आडनाव लावून टाकलं.

शोभाताई : मंग चुकलं काय? सुनेले सासरचंच लागते.

मयुरा : मलाही तेच वाटलं. हात आपोआप तसाच चालला. ते लिहितात, बाई कोणत्या घरची लेक होती तेच पुसलंत, तर वंशावळ खोटी. आता एकेकीचं माहेर शोधून परत लावतेय.

देवराव : (खालून) शोभा वं, येऊन राहिल्या का नाही? गांधीबागेतलं दुकान बंद ठेवून आलो मी. नंबर निघून जाईन.

शोभाताई : येऊन राहिलो. मयुरा, नाव बदलाच्या फॉर्मवर एक सही तर करायची आहे. हर्षितनं लग्नात तांदळात अंगठीनं हर्षदा लिहिलं, तवा तर तू हसत होती.

मयुरा : सगळे हसत होते म्हणून हसले. मला नाही बदलायचं नाव, आई. आठ दिवस झाले, जीव थाऱ्यावर नाही.

शोभाताई : मंग सकाळीच काहून नाही बोलली?

मयुरा : भीती वाटते. तुमची कमी, बाबांची जास्त.

शोभाताई : हं. अन् तुह्या या वंशावळीत ही जागा काहून रिकामी सोडली?

मयुरा : हिचं नाव कुठंच सापडत नाही. नुसतं लिहिलंय, धाकट्या सरदाराची बायको, चार मुलांची आई.

शोभाताई : चार लेकरं झाली, अन् नाव नाही?

मयुरा : नाही. ते म्हणतात, मनानं काही टाकू नका.

शोभाताई : लग्न झाल्यावर मले कोणी शोभा म्हणलं का वर्षभर मी मागं वळून पाहो. वाटे, दुसऱ्याच कोणाले बोलावून राहिले.

मयुरा : त्याआधी काय म्हणायचे तुम्हाला?

शोभाताई : रुख्मिणी. बाप गेला तवापासून कोणी म्हणलं नाही.

मयुरा : मला कधी सांगितलं नाहीत.

शोभाताई : विचारलं कोणी?

देवराव : अवं, ऐकू येते का नाही?

शोभाताई : येते. गाडी बंद करा अन् वर या. पोरगी सही करत नाही.

देवराव : काहून? कोण नको म्हणलं तिले?

शोभाताई : मी.