दोनशे गणपतींची ऑर्डर

आम्हा पेणच्या गणपतीवाल्यांना परदेशातूनही ईमेल येतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. परवा असाच एक आला. दोनशे मूर्ती हव्यात, सोबतची फाईल उघडून ऑर्डर पक्की करा. मी तर खूश! माउसवर बोट ठेवलं, तोच बायको ओरडली, "थांबा! रोह्याच्या भावोजींनी अशीच अनोळखी फाईल उघडली नि अख्खा कॉम्प्युटर गेला. आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी यातच हायत ना?"

"अगो, पण माणूस खरा असला तर?"

"मग फाईलला हात नका लावू. आधी त्याला कायतरी इचारा."

मी लिहिलं, "साहेब, मूर्ती डाव्या सोंडेच्या हव्यात की उजव्या?" गणपती घेणारा एक वेळ रंग विसरेल, पण हे सांगायला विसरत नाही.

पाच मिनिटांत उत्तर हजर, "दोन्ही सोंडा पाठवा. फक्त वेगळ्या पॅक करा, म्हणजे मोडणार नाहीत."

मी तो मेल तिथल्या तिथे उडवला. बायको मात्र हळहळली, "घाई केलीत. बसवायला नट-बोल्ट किती लागतील, ते तरी इचारायचं!"