अळूची तहान

तुम्ही हसाल, पण मध्यंतरी मला रोज दुपारी आमच्या अळूचा मेसेज यायचा. आई कांदिवलीला एकटी राहते, मी मुलुंडला. तिच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये अळूची कुंडी आहे, तिच्यात मी एक सेन्सर खोचला होता. माती सुकली की माझ्या फोनवर यायचं, ‘तहान लागली.’ कोड ओपन सोर्स, कोणीतरी लिहून सगळ्यांसाठी ठेवलेला. मी त्यात फक्त मराठी घातलं.

मेसेज आला की मी फोन करायचो. “आई, अळूला पाणी घाल ना.”

“घालतंय रे. जेवलंस?” म्हणायची, आणि तिथून गप्पा थेट गावच्या विहिरीवर. तिथली पानं म्हणे छत्रीएवढी. ऐकता ऐकता ऑफिसच्या खिडकीशी माझे डोळे मिटायचे आणि समोरच्या काचेच्या बिल्डिंगा हिरव्यागार होऊन हलायला लागायच्या.

पण रोज तहान? मी तो कोड वापरणाऱ्यांच्या ग्रुपवर विचारलं. एक म्हणाला, सेन्सर गंजला असेल. दुसऱ्याने बिचाऱ्याने माझा अख्खा कोड तपासला. शेवटी रविवारी नवा सेन्सर घेऊन, न सांगताच कांदिवली गाठली.

अळू ग्रिलबाहेर झेपावलेला, माती ओलीचिंब. आणि सेन्सर स्वच्छ पुसून खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात ठेवलेला, वायर तशीच जोडलेली.

“आई, हा बाहेर का काढलास?”

ती वडीसाठी पानांच्या शिरा काढत होती. मान वर न करता म्हणाली, “मातयेत आसलो काय तुझो फोन येना नाय.”