नवसू विहिरीत का उतरला

शहापूर, दि. २१ मे २०२५

मी, रंभा नवसू हिलम, वय अंदाजे ३४ वर्षे, धंदा मजुरी, राहणार मोहाची वाडी, आटगावच्या पुढे, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे. मोबाईल नंबर नाही. घरातला मोबाईल नवऱ्याच्या खिशात असायचा, तो आता चालत नाही.

पोलीस ठाण्यातून निरोप आला म्हणून सासू सकुबाई हिला सोबत घेऊन आज हजर झाले. साहेबांनी जे विचारले त्याचे उत्तर कोणाच्या सांगण्यावरून नाही, मला ठाऊक आहे तसे देते, ते असे की,

मी वरील ठिकाणी सासू व मुलगी सरू, वय ५, यांच्यासह राहते. नवरा नवसू आमच्यासोबत राहत होता. दर वर्षी दिवाळी झाली की आम्ही मुरबाडकडे वीटभट्टीवर जातो. या वर्षी सरू अशक्त होती म्हणून गेलो नाही. नवसू सापगावच्या शेतकऱ्यांकडे मिळेल ते काम करीत होता.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वाडीत पोरांना जुलाब लागले. दोन पोरे दगावली. सरूही दवाखान्यात होती, ती वाचली. त्यानंतर शहरातल्या एका संस्थेचे लोक अभ्यासासाठी वाडीत येऊ लागले. त्यांच्या मोठ्या नेहा मॅडम. डॉक्टर येऊन पोरांचे वजन व रक्त बघत, दुसरे लोक विहिरीचे पाणी बाटलीत भरून नेत. प्रज्वल नावाचा मुलगा कॉम्प्युटरचे शिकणारा होता, सांगलीकडचा, वय बावीस-तेवीस असेल. त्याने विहिरीत एक डबी बसवली व रेंजसाठी तिची तार टेकाडावर नेली. पाणी खराब झाले की डबीतून मॅडमच्या मोबाईलवर कळायचे. मग मॅडम नवसूला फोन करीत. नवसू विहिरीत औषध टाकायचा आणि घरोघरी जाऊन सांगायचा, "आज पानी उकळून प्या गो, डबी बोंबलते." वाडीतले लोक त्याला डबीवाला म्हणू लागले होते. त्याला ते आवडत असे. डबी बसवल्यापासून वाडीत कोणाचे पोर दवाखान्यात गेले नाही.

प्रज्वल वाडीत आला की आमच्याकडे जेवायचा. सुक्या बोंबलाचे कालवण त्याला तिखट लागायचे, तरी खायचा. मला काकू व नवसूला काका म्हणायचा.

मागच्या आठवड्यातल्या सोमवारची हकीगत अशी की, डबीकडून मोबाईलवर काही येत नव्हते. पाणी खाली गेल्याने डबी गाळात रुतली असे प्रज्वलचे म्हणणे पडले. सकाळी नेहा मॅडम, प्रज्वल व ड्रायव्हर जीप घेऊन आले. पाणी उपसायला सापगावचे संदेश यांचे डिझेल इंजिन आणले. पाइप आखूड पडला. म्हणून इंजिन विहिरीच्या आत जो दगडी ओटा आहे त्यावर दोराने उतरवले.

इंजिन आत ठेवायचे कोणी ठरवले असे विचारता सांगते की, पाइप आखूड आहे हे सगळ्यांना दिसत होते. ठरवले असे कोणी नाही. इंजिन उतरवायला नवसूनेही हात लावला.

इंजिन दुपारपर्यंत चालले. उपसलेले पाणी वाया जाईल म्हणून आम्ही बायका पाइपाखाली हंडे भरत होतो. तळाशी गुडघाभर पाणी राहिले तेव्हा इंजिन बंद केले. बाकीच्या बायका हंडे घेऊन घरी गेल्या. मॅडम फोन करायला टेकाडावर गेल्या, कारण विहिरीजवळ रेंज येत नाही. संदेश व ड्रायव्हर पाइप गुंडाळत जीपकडे गेले. प्रज्वल विहिरीच्या भिंतीतल्या लोखंडी कड्यांवरून खाली उतरला. विहिरीच्या काठावर मी व नवसू एवढेच होतो. आत धूर दिसत नव्हता. वासही फारसा नव्हता. इंजिनामुळे आतली हवा विषारी झाली होती हे पुढे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा समजले.

प्रज्वल डबीसाठी वाकला. मग उभा राहिला. मग ओट्याला टेकून बसला. नवसूने वरून विचारले, "काय रे बाला, दमलास?" त्याने वर बघितले आणि काका अशी हाक मारली. एकदाच मारली. हाक मोठी नव्हती. इंजिन चालू असते तर ऐकू आली नसती. त्यानंतर त्याची मान खाली पडली.

मी नवसूला म्हटले, "अवो, थांबा. मॅडमना बोलवू."

तो म्हणाला, "तो पोर बसलाय खाली. दोर सोड तू."

एवढे बोलून तो उतरला. मी दोर सोडला व ओरडले. संदेश व ड्रायव्हर धावत आले, मॅडमही आल्या. नवसूने प्रज्वलच्या काखेतून दोर घालून गाठ मारली व "वढा" म्हणाला. आम्ही चौघांनी ओढले. प्रज्वल वर आला तेव्हा तोंडातून फेस येत होता. मी माझ्या हंड्यातले पाणी त्याच्या तोंडावर मारले. त्याने श्वास घेतला.

त्यानंतर मी खाली बघितले. नवसूचा एक हात कडीवर होता आणि तो बसला होता. मी आवाज दिला. दोर पुन्हा टाकला. दोर त्याच्या खांद्यावर पडला. त्याने धरला नाही.

संदेश उतरायला निघाले, त्यांना मॅडमने मागे खेचले. मग मी निघाले, तेव्हा मला कमरेला धरले. "आता कोणी उतरायचं नाही, रंभाताई, कोणी नाही," असे त्या ओरडत होत्या. मी त्यांच्या हाताला चावले. त्यांनी सोडले नाही. त्यांनी बरोबर केले असे आता सगळे म्हणतात. माझे त्याबद्दल काही म्हणणे नाही.

जीप एकच होती. ती प्रज्वलला घेऊन गेली. प्रज्वलचा श्वास चालू होता म्हणून त्याला नेले. नवसूला तोंडाला नळी लावलेल्या लोकांनी येऊन बाहेर काढले, तोपर्यंत ऊन उतरले होते. १०८ ची गाडी आली. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून मयत सांगितले. माझ्याकडे त्याचे कपडे दिले. ते ओले होते.

नवसू त्या दिवशी दारू प्यायला होता काय असे विचारता सांगते की, नाही. तो लग्नाकार्यात व शिमग्याला पीत असे. त्या दिवशी सकाळी चहा व भाकरी खाऊन निघाला होता. आटगावच्या नाक्यावर चहाच्या टपरीवर लोक बोलतात की कातकरी दारू पिऊन विहिरीत पडला. पोरगा वाचवायला उतरला हे कोणी बोलत नाही. हे माझ्या सासूने स्वतः ऐकले. ती तिथून चहा न पिता उठली.

नवसूला माती दिल्यानंतर नेहा मॅडम घरी आल्या. त्यांच्या हाताला पट्टी होती. अभ्यास बंद केला असे त्यांनी सांगितले. मी विचारले, "मग आता पानी कोन बघनार?" त्यांनी पिशवीतून कागद काढला. संस्थेकडे जो कागद जाणार आहे तो त्यांनी मला वाचून दाखवला. त्यात असे आहे की, मयतास विहिरीत उतरण्याचे काम दिलेले नव्हते, तो स्वेच्छेने उतरला. स्वेच्छेने म्हणजे काय असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "म्हणजे कोणी सांगितलं नाही, स्वतःहून." मी म्हटले, सांगितले कोणी नाही हे खरे आहे. मॅडम रडत होत्या. सरू त्यांच्याजवळ जाऊन बसली. वजन करायला आल्या असे तिला वाटले असावे.

विहिरीला पोलिसांनी दोरी बांधली आहे. सध्या आम्ही ओढ्यात खड्डा खणून केलेल्या डवऱ्याचे पाणी भरतो. विहीर लवकर मोकळी करावी असे वाडीतल्या बायकांनी मला सांगायला सांगितले आहे. त्या विहिरीचे पाणी प्यायला मला चालेल काय असे विचारता सांगते की, वाडीला दुसरी विहीर नाही.

परवा प्रज्वल दवाखान्यातून सुटून त्याच्या आईसोबत घरी आला. त्याची आई माझ्या पाया पडू लागली, मी पडू दिले नाही. मग तो म्हणाला, "काकू, मला काहीच आठवत नाही. मी वाकलो एवढंच आठवतं. मला एक सांगा. मी काकांना हाक मारली होती का?"

मी म्हटले, "नाय रे बाला."

तो म्हणाला, "नक्की?"

मी म्हटले, "नक्की. तू नाय बोलावलास. त्यांनी बघितला नि ते उतरले."

त्याची आई तोंडाला पदर लावून बाहेर गेली. माझ्या सासूला खरे काय ते माहीत होते, मी तिला पहिल्याच दिवशी सांगितले होते. निघताना प्रज्वलला सँडलचे पट्टे लावता येत नव्हते. सासूने खाली बसून लावून दिले.

साहेबांनी विचारले की, मुलाला एक सांगितले आणि इथे दुसरे सांगते, त्यातले खरे कोणते. तर इथे सांगितले ते खरे आहे. त्याला खोटे सांगितले. त्याला पुढे जगायचे आहे. पण नवसू दारूच्या नशेत उतरला नाही, आणि उगाच मनात आले म्हणूनही उतरला नाही. त्याला खालून हाक आली. हाक मी ऐकली आणि त्याने ऐकली, तिसरे कोणी तिथे नव्हते. कागदावर स्वेच्छेने लिहायचे तर त्याच्या पुढे हाक मारली होती हेही लिहावे.

माझा कोणावर संशय नाही. इंजिनाबाबत कोणाविरुद्ध तक्रार द्यायची काय असे विचारले. मला ते समजत नाही, सरकारने बघावे.

हा जबाब प्रज्वलला दाखवू नये अशी मी विनंती केली. त्यावर साहेबांनी समजावून सांगितले की हे कागद पुढे कोर्टात जातात, त्याचाही जबाब होणार आहे, त्याला हे वाचायला मिळू शकते. हवे असल्यास हाकेचा मजकूर अजून काढता येईल, तुमच्या मनावर आहे, असेही ते म्हणाले. मी सासूकडे बघितले. ती भिंतीकडे बघत होती.

मी सांगितले, हाक राहू द्या.

हा जबाब मला सावकाश, समजेल अशा बोलीत दोन वेळा वाचून दाखवला. दुसऱ्या वेळेस मीच वाचायला सांगितला. माझ्या तोंडचे आहे तेच त्यात आहे, कमीजास्त काही नाही. सबब खाली डाव्या हाताचा अंगठा केला आहे.

समक्ष,
(ठाणे अंमलदार)

रंभा नवसू हिलम, डावा अंगठा