ट्राम उभी होती

नाव : शकुन दिगंबर वैशंपायन. वय : ४६ वर्षे. धंदा : शिक्षिका, मुलींची शाळा. राहणार : बागबाजार, कलकत्ता. तारीख ७ फेब्रुवारी १९७३, सकाळी अकरा.

मी आपण होऊन ठाण्यात हजर राहून सांगते, की मला बंगाली बोलता येते, पण हा जबाब मी मराठीत आणि माझ्या हाताने लिहीत आहे. ज्यांच्याविषयी लिहायचे ते माझे पती आहेत आणि आमच्यात जे बोलणे झाले ते मराठीत झाले. पतीचे नाव मी कधी घेत नाही. कागदावर लागते म्हणून एकदा लिहिते : दिगंबर नारायण वैशंपायन, वय ५१, बँकेत अधिकारी. पुढे 'हे' असे लिहीन.

आम्ही कलकत्त्यात एकोणीस वर्षे आहोत. ट्राम रस्त्याच्या मधोमध थांबते. उतरणाऱ्याला फुटपाथ गाठेपर्यंत डावीकडून येणाऱ्या गाड्यांसमोरून जावे लागते. ट्राम उभी असेल तर मागच्या गाडीने थांबायचे असा नियम आहे. तो कोणी पाळत नसे, म्हणून हे १९६० पासून रोज संध्याकाळी आमच्या स्टॉपवर सगळ्यांच्या आधी उतरत आणि काळी छत्री आडवी धरून गाड्यांपुढे उभे राहत. मागचे सगळे, म्हातारी माणसे, पिशव्यावाल्या बायका, छत्रीच्या आडून फुटपाथवर जात. एका टॅक्सीवाल्याने ऐकले नाही तेव्हा यांनी त्याच्या बॉनेटवर छत्री आपटली. दांडा वाकला. तो तसाच आहे. या छत्रीवरूनच गल्लीत यांना 'छाताबाबू' म्हणत. मला त्याचा अभिमान होता, हे लिहून ठेवते.

जुलै १९७१ मध्ये यांनी जुनी हेराल्ड गाडी घेतली, राखाडी रंगाची. पहिले तीन-चार महिने ट्राम थांबली की हे चांगली दोन हात जागा सोडून थांबत. मागचे हॉर्न वाजवत, हे हसत. मग हे स्वतः हॉर्न वाजवू लागले. मग म्हणू लागले, "या लोकांना रस्त्यावर चालायची अक्कल नाही." या लोकांना म्हणजे कोणाला, असे मी एकदा विचारले. हे म्हणाले, "तू चालवत नाहीस, तुला कळायचं नाही." छत्री मागच्या सीटच्या फळीवर पडून असे.

मीही धुतल्या तांदळासारखी नाही. शाळेला मी चालत जाते तेव्हा गाडीवाल्यांना शिव्या देते. रविवारी गाडीत बसले की चालणाऱ्यांचा राग येतो. रस्ता तोच, बाई तीच. एका काचेने इतका फरक पडतो हे मला ठाऊक होते आणि मी गप्प बसले.

रविवार, ४ फेब्रुवारी. भवानीपूरला लीना गोखले यांच्याकडे हळदीकुंकू होते. हे मला सोडायला निघाले. सव्वापाचच्या सुमारास हातिबागानच्या स्टॉपवर आमच्या पुढची ट्राम थांबली. ट्राम उभी होती. उजेड चांगला होता. मी म्हणाले, "अहो, उशीर झालाय, काढा ना पुढं." हे माझे शब्द आहेत. यांनी गाडी डावीकडून काढली, वेग कमी न करता. मागच्या डब्यातून निबारण सरकार उतरत होते. त्यांचा पाय रस्त्यावर टेकला आणि आमची गाडी त्यांच्यावर गेली.

निबारणबाबू आमच्याच गल्लीत राहतात, वय ६८, दवाखान्यात कंपाउंडर होते. आमची गाडी त्यांच्या खिडकीखाली उभी असते. अकरा वर्षे ते छत्रीच्या आडून उतरले. यांनी त्यांना उचलून आपल्याच गाडीतून हॉस्पिटलात नेले, तेही खरे आहे. मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले आहे. पुन्हा चालतील असे डॉक्टर सांगत नाहीत.

सोमवारी यांनी ठाण्यात जबाब दिला, की ट्राम चालू होती आणि म्हाताऱ्याने न बघता उडी मारली. घरी येऊन मला म्हणाले, "तुला विचारतील. ट्राम चालू होती एवढंच सांग. बाकी काही नको."

मी म्हटले, "उभी होती. तुम्हीच ना सगळ्या गावाला हे शिकवलंत?"

"ती गोष्ट वेगळी होती. तेव्हा मी पायी होतो." मग म्हणाले, "पुढं काढा असं कोण म्हणालं ते मी लिहिलेलं नाही, शकुन. तेवढं लक्षात ठेव."

तेवीस वर्षांच्या संसारात यांनी मला प्रथमच धमकी दिली, तीही चहा पिताना, हळू आवाजात. यांनी मला फसवले असे मला वाटते. गाडीखाली आलेल्या माणसाला तर त्याहून जास्त. म्हणून माझे शब्द मी वर स्वतःच लिहिले आहेत. आता यांच्याकडे लपवायला माझे काही उरलेले नाही.

मंगळवारी चारला मी हॉस्पिटलात गेले. निबारणबाबू शुद्धीवर होते. मी विचारले, तुम्ही बघितले नाही का? ते म्हणाले, "देखेइ तो नेमेछि, बउदि. छाताबाबूर गाडी, दाँडाबेइ." म्हणजे, बघूनच उतरलो, वहिनी. छाताबाबूंची गाडी, थांबणारच.

यांच्या जबाबात 'न बघता' असे आहे. ते खोटे आहे. निबारणबाबूंनी बघितले होते. गाडी आमची आहे हे ओळखले, म्हणूनच त्यांनी पाय खाली टाकला. यापलीकडे मला सांगायचे नाही. वाकड्या दांड्याची छत्री सोबत आणली आहे, ती जमा करून घ्यावी.

जबाब मी लिहिला आणि मीच वाचून पाहिला. त्याचा बंगाली तर्जुमा अंमलदारांनी मला ऐकवला. 'ट्राम उभी होती' हे वाक्य मी दोनदा वाचायला लावले. दोन्ही वेळा बरोबर होते.

सही : शकुन दि. वैशंपायन